गुडघ्याला सुगंधी तेल लावावं, पण गोळ्या बंद करून नको

नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: "आईचं वय ६४. गेल्या पावसाळ्यात चिकुनगुनिया झाला. ताप चार-पाच दिवसांत उतरला, पण गुडघे, घोटे आणि बोटांचे सांधे अजून धरतात. एका प्रदर्शनातून वनौषधींच्या शुद्ध तेलांचा संच आणला: निलगिरी, पुदिना, गंधपुरा, लवंग आणि सालई. गुडघ्याला चोळलं की थोड्याच वेळात बरं वाटतं, म्हणून आईने सांध्यांच्या गोळ्या बंद केल्या. हृदयाची झडप बदलली आहे, त्यामुळे रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन मात्र चालू आहे. विकणारा म्हणाला, दोन-दोन थेंब कोमट पाण्यातून घेतले तर आतली सूजही जाते. या तेलांनी दुखणं आणि सूज खरंच कमी होते का? पोटात द्यावीत का?"

ताई, बाकी सगळं नंतर. आधी त्या संचातली गंधपुऱ्याची बाटली बाजूला काढा आणि ते तेल आईंना लावणं आजपासून बंद करा. गंधपुऱ्याच्या तेलात ९५ टक्क्यांहून जास्त मिथाइल सॅलिसिलेट असतं. हे ॲस्पिरिनच्या कुळातलं रसायन. ते कातडीतून रक्तात उतरतं आणि वॉरफेरिनचा परिणाम वाढवतं. नुसतं वरून चोळून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) वाढल्याच्या, अंगावर काळेनिळे डाग आल्याच्या, रक्तस्राव झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. केव्हापासून लावताय आणि दिवसातून किती वेळा, ते आठवून कागदावर लिहा आणि उद्याच आयएनआर करून घ्या. हिरड्यांतून रक्त येत असेल, शौचाला डांबरासारखी काळी होत असेल, लघवी लाल होत असेल किंवा डोकं अचानक जोरात दुखायला लागलं असेल, तर उद्यापर्यंत थांबू नका. वॉरफेरिनचा डोस मात्र स्वतःच्या मनाने कमी करू नका. बदललेल्या झडपेवर गुठळी बसणं हाही मोठा धोका आहे.

घरातल्या बाम, स्प्रे आणि मलमांच्या मागचा बारीक मजकूरही वाचून घ्या. वेदनाशामक म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ मलमांत हेच मिथाइल सॅलिसिलेट असतं. बाटली बाजूला ठेवायची आणि ट्यूब चालू ठेवायची, असं व्हायला नको.

आईंनी बंद केलेल्या गोळ्या कोणत्या, ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्यात प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड असेल आणि ते काही आठवडे चालू असेल, तर अचानक बंद करणं धोक्याचं असतं. ते पायरीपायरीने कमी करावं लागतं. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी असेल, तर वॉरफेरिनसोबत ती घेणंच जोखमीचं. म्हणून ती चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा. मेडिकलमधून परस्पर दुसरी गोळी आणू नका.

आता मूळ प्रश्न. दुखणं कमी होतं का? बऱ्याच जणांचं होतं. त्यात मनाचा भाग असतो, पण ते नुसते मनाचे खेळ नाहीत. सूज, म्हणजे सांध्याच्या आतला दाह, कमी होतो का? वरून चोळलेल्या तेलाने तो विझतो, असं दाखवणारा भक्कम पुरावा माणसांमध्ये नाही. आईंच्या बाबतीत गफलत झाली ती इथेच. दुखणं उतरलं म्हणून दाहही उतरला असं त्यांनी धरलं आणि सांध्यांच्या गोळ्या बंद केल्या.

हा फरक अगदी नेमका दिसेल असा एक अभ्यास आहे. २०१३ साली कोरियात गुडघ्याचा सांधा बदललेल्या ५२ रुग्णांवर तो झाला. निम्म्यांना शस्त्रक्रियेनंतर तीन दिवस निलगिरीच्या तेलाचा वास दिला, उरलेल्यांना बदामाच्या तेलाचा. निलगिरीवाल्यांचं दुखणं तिन्ही दिवस स्पष्टपणे कमी होतं, दुसऱ्या दिवशीचा रक्तदाबही खाली होता. पण दाह मोजणाऱ्या रक्ताच्या तपासण्या, म्हणजे सीआरपी आणि पांढऱ्या पेशी, यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. त्यात एक अडचणही आहे. निलगिरीचा वास लपवता येत नाही, त्यामुळे आपल्याला काय मिळतंय हे रुग्णाला कळतंच. सुगंधी तेलांच्या जवळजवळ प्रत्येक अभ्यासाला ही अडचण आहे, आणि म्हणून मी त्यांचे आकडे थोडे हात राखूनच वाचते.

तरीही दुखणं कमी कसं होतं, हे आज बरंच उलगडलं आहे. पुदिन्याचं तेल कातडीला लागलं की थंड वाटतं. कातडीचं तापमान खरं तर फारसं उतरलेलं नसतं. तेलातलं मेंथॉल मज्जातंतूंच्या टोकावरच्या टीआरपीएम८ नावाच्या ग्राहीला (संदेश टिपणाऱ्या रेणूला) चाळवतं आणि तो ग्राही मेंदूला गारव्याची वर्दी देतो. हा ग्राही २००२ मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांनी स्वतंत्रपणे शोधला. स्पर्श आणि तापमानाच्या ग्राहींवरच्या कामासाठी दोघांना २०२१ चं नोबेल मिळालं. गारव्याच्या या वर्दीने वेदनेची वर्दी काही वेळ मागे पडते. जर्मनीत १९९६ मध्ये ताणाच्या डोकेदुखीवर अल्कोहोलमधलं १० टक्के पुदिन्याचं तेल कपाळावर लावून बघितलं, तेव्हा ते एक ग्रॅम पॅरासिटामॉलच्या तोडीस तोड ठरलं होतं. कापूरसुद्धा असाच मज्जातंतूंच्या टोकांशी खेळतो. आधी ऊब आणि चुणचुण, मग बधिरता.

लवंगेची गोष्ट थोडी वेगळी. लवंगेच्या तेलात साधारण ७० ते ९० टक्के युजेनॉल असतं. ते वेदनेचा संदेश वाहणाऱ्या सोडियमच्या वाटा अडवतं आणि दाह, वेदना वाढवणारं प्रोस्टाग्लँडिन तयार होण्यातही खोडा घालतं. दाताचे डॉक्टर झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलचं मिश्रण पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. २००६ मधल्या एका अभ्यासात हिरडीवर लावलेली लवंगेची साधी जेल बेंझोकेनच्या २० टक्के जेलएवढी उपयोगी ठरली. पण हिरडीचं अस्तर पातळ असतं आणि औषध थेट दुखऱ्या जागी पोचतं. गुडघ्यात कातडी, चरबी, स्नायूबंध आणि सांध्याची पिशवी ओलांडून जायचं असतं. दाताला चालणारी गोष्ट गुडघ्याला त्याच जोमाने चालेल असं म्हणता येत नाही.

आणि चोळणाऱ्या हाताचा वाटा विसरू नका. ठेच लागली की आपण ती जागा आपसूक चोळतो. वेदनेचे अभ्यासक मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं, की स्पर्शाचे जाड तंतू चाळवले की पाठीच्या कण्याच्या पातळीवर वेदनेची वाट अरुंद होते. तुम्ही रोज संध्याकाळी दहा मिनिटं आईंजवळ बसून गुडघा चोळता, त्यातला मोठा गुण त्या चोळण्याचाच आहे. साधं तिळाचं तेल वापरलंत तरी तो मिळेल.

मग "दाहशामक" हा शब्द बाटल्यांवर आला कुठून? बहुतेक वेळा उंदरांवरच्या प्रयोगांतून. लाल समुद्री शेवाळापासून कॅराजीनान नावाचा पदार्थ काढतात. तो उंदराच्या पंजात टोचला की पंजा काही तासांत सुजतो. आधी तेल दिलेल्या उंदराचा पंजा कमी सुजला, की ते तेल "दाहशामक" ठरतं. प्रयोग चांगला आहे, विद्यार्थ्यांना तो शिकवावाच. पण मात्रा बघा. अशा प्रयोगांत दर किलो वजनाला २०० मिलिग्रॅम तेल ही मात्रा सर्रास दिसते. मोठ्या उंदराची मात्रा माणसासाठी काढताना ती साधारण ६.२ ने भागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज जवळजवळ दोन ग्रॅम तेल तोंडावाटे. त्यासमोर दोन टक्क्यांच्या मालिश-तेलाचा एक चमचा घ्या: त्यात सुगंधी तेल ०.१ मिली, त्यातलं बरंचसं हवेत उडून जातं, उरलेलं थोडं कातडीत मुरतं. पंजावरचा निष्कर्ष गुडघ्यावर चिकटवता येत नाही तो यामुळे. आणि रोज दोन ग्रॅम तेल पिऊन तो चिकटवायचा म्हटलं, तर यकृत आणि पोट ते सोसणार नाही.

याचा अर्थ या वनस्पतींत दाह शमवणारं काही नाही असा मुळीच नाही. लवंग आणि मिरी या दोन्हींच्या तेलात बीटा-कॅरिओफायलिन नावाचा घटक असतो. तो शरीरातल्या सीबी२ ग्राहीला जोडला जातो, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. त्या प्रयोगात हा ग्राहीच नसलेल्या उंदरांमध्ये त्याचा दाहावर परिणाम झाला नाही, म्हणजे किल्ली आणि कुलूप दोन्ही सापडले. निलगिरीतला सिनिओल शुद्ध करून, २०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये दिवसातून तीनदा, १२ आठवडे दम्याच्या रुग्णांना दिला, तेव्हा त्यांना लागणारं स्टेरॉइड कमी करता आलं. २००३ चा अभ्यास आहे. हे काम मला फार मोलाचं वाटतं. पण ते मोजलेल्या मात्रेतल्या शुद्ध घटकाचं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालचं काम आहे. प्रदर्शनातल्या बाटलीला त्यावरून प्रशस्तिपत्र मिळत नाही.

सालईबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण ते आपल्या मातीतलं झाड आहे. विदर्भाच्या कोरड्या जंगलांत, सातपुड्याच्या उतारांवर सालई भरपूर आहे. तिच्या सालीला खाच दिली की डिंक पाझरतो. आयुर्वेदात शल्लकी म्हणून सांधेदुखीवर तो सांगितला आहे, आणि गुडघ्याच्या झिजेवर त्याच्या प्रमाणित अर्काचे माणसांवरचे अभ्यास खरोखर आशादायक आहेत. त्या गुणामागची मुख्य द्रव्यं म्हणजे बॉस्वेलिक आम्लं. ही जड द्रव्यं आहेत, वाफेबरोबर उडत नाहीत. सुगंधी तेल काढतात ते वाफेवर, ऊर्ध्वपातनाने. डिंकातलं हलकं, उडणारं तेल वाफेबरोबर बाटलीत येतं आणि बॉस्वेलिक आम्लं मागे भांड्यातच राहतात. ज्या गुणासाठी तुम्ही सालईच्या बाटलीचे पैसे मोजलेत, तो गुण त्या बाटलीत नाही. वास मात्र मंद आणि सुंदर आहे, खोलीत ठेवा.

हळदीचं तेच. पिवळा कर्क्युमिन तेलात येत नाही, म्हणून हळदीचं सुगंधी तेल फडक्याला हळदीसारखं रंगवत नाही. सुंठेतला तिखटपणाही बहुतांशी मागेच राहतो. निर्गुडीचं तेल म्हणून आपल्याकडे पूर्वापार वापरतात, ते पाल्याचा रस तिळाच्या तेलात मुरवून, मंद आचेवर पाणी आटेपर्यंत सिद्ध केलेलं तेल. ते थेट अंगाला लावायचं असतं. निर्गुडीचं सुगंधी तेल म्हणून मिळणारी दहा मिलीची बाटली ही निराळी वस्तू आहे, ती तशीच अंगाला लावायची नसते. दोन्हींवर "निर्गुडी तेल" असंच छापलेलं असतं, म्हणून घेताना विचारून घ्या.

आता लावायचं कसं. तुमच्या आईंसाठी मी ३० मिली तिळाच्या तेलात निलगिरीचे आठ आणि पुदिन्याचे चार थेंब सांगेन. एका मिलीत साधारण वीस थेंब धरले, तर हे दोन टक्के होतं. या वयाच्या कातडीला एवढं पुरे. तिळाचं तेल वाटीत घेऊन वाटी गरम पाण्यात ठेवा. बाहेर काढा, बोट बुडवून सोसेल इतकं कोमट झालं की मग थेंब घाला. गॅसवरच्या गरम तेलात थेंब टाकले तर निम्मा गुण स्वयंपाकघराच्या छताला जातो. पहिल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावून दोन दिवस बघा. लाली आली, खाज सुटली, पुरळ उठलं तर ते तेल आईंसाठी नाही. लवंग आणि दालचिनी कातडीला जास्त त्रास देतात, म्हणून या मिश्रणात त्यांना घेतलं नाही. गवती चहाच्या तेलाचाही तोच स्वभाव.

चोळताना गुडघ्याच्या वाटीवर दाब देऊ नका. वाटीच्या वर मांडीचा स्नायू आणि खाली नडगीच्या दोन्ही बाजू, हलक्या हाताने, खालून वर. सांधा लाल आणि गरम असेल त्या दिवशी चोळायचंच नाही. तेल लावलं की त्यावर शेक देऊ नका. गरम पाण्याची पिशवी, हीटिंग पॅड, गरम विटेचा शेक, घट्ट बांधलेला फडका, काहीच नको. उष्णतेने आणि झाकून ठेवल्याने तेल जास्त मुरतं आणि कातडी भाजते. मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेटच्या मलमांनी भाजल्याच्या घटनांवरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये लोकांना सावध केलं होतं. शेकायचं असेल तर आधी शेका, कातडी नेहमीसारखी होऊ द्या, मग तेल लावा. आणि हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका.

पोटात मात्र एक थेंबही नको. पाण्यात तेल विरघळत नाही. ते वर तरंगतं आणि घशाला, अन्ननलिकेला निखळ तेलाचा चटका बसतो. गंधपुऱ्याचं तेल पाच मिली, म्हणजे लहान चमचाभर, पोटात गेलं तर ते सुमारे सात ग्रॅम ॲस्पिरिन घेतल्यासारखं आहे. ३२५ मिलिग्रॅमच्या एकवीस-बावीस गोळ्या एकदम. त्याहून कमी तेलाने लहान मुलं दगावली आहेत. लवंगेचं तेल प्यायल्याने मुलांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. निलगिरी आणि कापूर पोटात गेल्याने झटके येतात. तुमच्या घरी नातवंडं असतील तर या बाटल्या देवघराच्या फळीवर किंवा उशाशी ठेवू नका, कुलपात ठेवा. दोन वर्षांखालच्या मुलांच्या छातीला, नाकाला कापूर-मेंथॉल-निलगिरी लावूच नये. श्वास अडकू शकतो. पुदिन्याच्या तेलाच्या आतड्यात विरघळणाऱ्या कॅप्सूल आतड्याच्या मुरड्यावर देतात आणि त्यांचा पुरावा चांगला आहे. पण ते मोजलेलं औषध आहे. मालिशच्या बाटलीतले थेंब त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

इथे नागपूरच्या संदर्भात दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्याकडे २००६ ची चिकुनगुनियाची साथ मोठी होती आणि २०२४ च्या पावसाळ्यातही घरोघरी हीच तक्रार होती. पण तेच डास डेंग्यूही पसरवतात, आणि पहिल्या चार-पाच दिवसांत दोन्हींत अंग सारखंच ठणकतं. डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका असतो म्हणून ॲस्पिरिन टाळतात. ताप चालू असताना, रिपोर्ट यायच्या आधी, अंगभर गंधपुरा चोळणं त्याच कारणाने टाळावं. तापातल्या अंगदुखीला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि प्लेटलेटवर नजर.

दुसरी गोष्ट सिकलसेलची, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची. विदर्भात हा आजार किती पसरलेला आहे ते नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत दिवसभर बसलं की कळतं. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं, त्यात आपला भाग आहेच. पंधरा-वीस वर्षांचं पोर हाडं दुखतात, सांधे दुखतात म्हणत असेल, डोळे पिवळसर असतील, तर आधी सिकलसेलची तपासणी करा. माहीत असलेल्या सिकलसेलच्या रुग्णाला वेदनेचा झटका आला, तर तेल चोळत घरी वेळ घालवू नका. त्याला ऊब द्या, पाणी पाजा आणि दवाखान्यात न्या. थंडीने झटका वाढू शकतो, म्हणून बर्फ किंवा गार शेक नको. या रुग्णांची मूत्रपिंडं आधीच नाजूक असतात, म्हणून गंधपुरा त्यांनाही नको. अशा घरांत "वात आहे, तेल लावा" म्हणून दिवस गेलेले बघितले, की फार वाईट वाटतं. गर्भवतींनीही गंधपुरा टाळावा.

खरेदीबद्दल. इतवारीच्या किराणा ओळीत ही तेलं सुटी मिळतात आणि मॉलमध्ये चकचकीत खोक्यातही. किमतीवरून शुद्धता कळत नाही. लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कोणता भाग, बॅच क्रमांक आणि तारीख हवी; चांगला उत्पादक मागितल्यावर गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीचा, अहवाल देतो. घरी एक साधी चाचणी करता येते. टिपकागदावर तेलाचा एक थेंब टाका आणि दिवसभर ठेवा. शुद्ध सुगंधी तेल उडून जातं, फार तर फिकट खूण राहते. तेलकट, आरपार दिसणारा डाग राहिला तर त्यात गोडं तेल मिसळलेलं आहे. स्वस्त रसायनाची भेसळ मात्र या चाचणीत सापडत नाही. गंधपुऱ्याच्या नावाने मिळणारं पुष्कळसं तेल कारखान्यात बनवलेलं मिथाइल सॅलिसिलेटच असतं. रेणू तोच, म्हणून गुणही तेच आणि धोकेही तेच. "नैसर्गिक" असल्याने वॉरफेरिन त्याला सूट देत नाही.

साठवण हा आपल्याकडचा मोठाच प्रश्न. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पुदिन्याची फुलं, म्हणजे मेंथॉलचे स्फटिक, सुमारे ४२ अंशांना वितळतात, म्हणून उन्हाळ्यात बरणी उघडली तर आत पाणी झालेलं दिसतं. ते थंड झालं की पुन्हा जमतं, बिघडत नाही. पण संत्र्याच्या सालीच्या तेलाचं तसं नाही. आपल्या संत्र्याचं तेल म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन. हवा आणि उष्णता लागली की त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि तेच जुनं तेल कातडीला ॲलर्जी देतं. शिवाय ते पन्नासच्या आतबाहेरच्या तापमानालाच पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणून उन्हात उभ्या गाडीत ही बाटली ठेवू नका. गडद काचेची बाटली, गच्च बूच, फ्रिजचं दार. उघडल्यावर लिंबूवर्गीय तेलं साताठ महिन्यांत संपवा. संत्र्याच्या तेलाने खोली प्रसन्न होते, पण गुडघेदुखीवर त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका.

अमृतधारेबद्दल पुष्कळ जण विचारतात, म्हणून तेही सांगते. कापूर, पुदिन्याची फुलं आणि ओव्याची फुलं समभाग घेऊन कोरड्या बाटलीत घाला, बूच लावा. तिन्ही कोरडे, पांढरे खडे. थोड्याच वेळात कडा ओलसर होतात, खडे एकमेकांत घसरायला लागतात, आणि बघता बघता सगळ्याचं पातळ पाणी होतं. पाण्याचा एक थेंब न घालता. तिघं एकत्र आले की त्यांचा वितळण्याचा अंश खोलीच्या तापमानाच्याही खाली येतो. या पाण्यात एक तृतीयांश कापूर असतो, म्हणून ते निखळ अंगाला लावू नका. ५० मिली तिळाच्या तेलात एक मिली घाला. मोठ्यांच्या लचकलेल्या कमरेला, आखडलेल्या खांद्याला छान चालतं. आपल्या जुन्या माणसांनी रोशा गवताचं, म्हणजे तिखाडीचं तेलही संधिवाताला असंच वापरलं. त्यात मुख्यतः जिरॅनिऑल असतं. दोन टक्क्यांनी लावायला हरकत नाही. अपेक्षा तीच, थोडा वेळ आराम.

डॉक्टरांकडे जाण्याआधी आईंच्या सांध्यांची नोंद करायला लागा, कारण दाह चालू आहे की नाही हे तेलाने वाटणाऱ्या आरामावरून ठरवता येत नाही. सकाळी उठल्यावर सांधे मोकळे व्हायला किती मिनिटं लागतात, ते घड्याळ बघून लिहा. शिंप्याची टेप घेऊन दोन्ही गुडघ्यांचा घेर वाटीच्या मधोमध मोजा, रोज सकाळी, अंथरुणातून उठायच्या आधी, पाय सरळ ठेवून. बोटातली अंगठी निघते की अडकते ते बघा. तेल लावायच्या आधीच हे सगळं करा. दोन आठवड्यांत घेर तसाच राहिला आणि सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकला, तर दुखणं कितीही कमी वाटलं तरी दाह चालू असण्याची शक्यता मोठी आहे. चिकुनगुनियानंतर काहींना आमवातासारखा सांध्यांचा आजार राहतो. त्याला वेळेवर औषध मिळालं नाही तर सांधा कायमचा वाकडा होऊ शकतो. सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी या तपासण्या संधिवाततज्ज्ञ सांगतील.

एकच सांधा अचानक लाल, गरम झाला आणि सोबत ताप आला, तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. सांध्यात पू झालेला असू शकतो. एकाच पायाची पोटरी सुजली आणि दाबल्यावर दुखली तर ती अजिबात चोळू नका, शिरेत गुठळी असू शकते. झडप बदललेल्या माणसाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी अधिकच गंभीरपणे घ्यायच्या. जाताना आयएनआरचा नवा रिपोर्ट, बंद केलेल्या गोळ्यांची चिठ्ठी, घेराची नोंदवही आणि तेलांचा तो अख्खा संच पिशवीत टाकून न्या. बाटल्या डॉक्टरांना दाखवायला संकोच करू नका. काय लावलं हे त्यांना कळलं तरच वॉरफेरिनचा डोस नीट बसवता येईल.